काम आवडते, नोकरी आवडत नाही : माध्यमांतील कर्मचाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

माध्यमसंस्थांमध्ये काम करणाऱ्या आणि तेथे नोकरी करू इच्छिणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी निवडली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि त्यांच्या संस्थांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : पत्रकारितेचे पदव्युत्तर शिक्षण नुकतेच पूर्ण झाले असून एका मोठ्या माध्यमसमूहाने मला नोकरी देऊ केली आहे. तेथील आजी-माजी कर्मचाऱ्यांचे अभिप्राय वाचले, तेव्हा काही जण ‘येथे शिकायला खूप मिळते’ असे म्हणतात, तर काही जण ‘चुकूनही येऊ नका’ असे बजावतात. एकाच संस्थेविषयी ही दोन्ही मते खरी कशी असू शकतील? मी विश्वास कोणावर ठेवावा?

उत्तर : दोघांवरही ठेवावा, कारण बहुतेक वेळा ही माणसे एकाच गोष्टीविषयी बोलत नसतात. जो कौतुक करतो तो कामाविषयी बोलत असतो आणि जो तक्रार करतो तो नोकरीविषयी. सकाळी हाती आलेला विषय संध्याकाळी लोकांसमोर जातो, एरवी ज्यांच्या दारापर्यंतही पोहोचता आले नसते अशा माणसांना थेट प्रश्न विचारता येतो, दोन दिवस कधी सारखे जात नाहीत, वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी स्वतंत्र जबाबदारी मिळते आणि बातमीवर आपले नाव लागते. हे सारे खरे आहे, आणि इतर बहुतेक क्षेत्रांत ते इतक्या लवकर वाट्याला येत नाही. परंतु ज्या व्यक्तीला हे सारे मनापासून आवडते, तिलाच उद्याची पाळी कोणती हे आदल्या रात्रीपर्यंत कळत नसेल, कंत्राट दर वर्षी संपत असेल आणि पगारवाढ कोणत्या निकषावर ठरते हे कोणी सांगत नसेल, तर तिची तक्रारही तितकीच खरी असते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि लेखापाल यांच्या मुलाखती घेऊन १९५९ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते येथे फार उपयोगी पडतात. माणसे कामावर खूश असण्याची कारणे आणि नाखूश असण्याची कारणे एकमेकांच्या उलट नसतात, असे त्यांना आढळले. काही साध्य केल्याची भावना, केलेल्या कामाची दखल, प्रत्यक्ष काम आणि जबाबदारी यांतून समाधान येते, तर असमाधान येते ते प्रामुख्याने संस्थेची धोरणे, वरिष्ठांची वागणूक, पगार आणि कामाची परिस्थिती यांतून. म्हणून पगार वाढवल्याने नीरस काम रंजक होत नाही, आणि काम कितीही रंजक असले तरी साप्ताहिक सुट्टी बुडाल्याचा त्रास त्याने कमी होत नाही. या सिद्धांतावर एक रास्त आक्षेपही घेतला गेला आहे. चांगल्या अनुभवाचे श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि वाईट अनुभवाचे खापर परिस्थितीवर फोडतो, तेव्हा मुलाखतीतून असेच चित्र दिसणार, असा तो आक्षेप आहे. अभिप्राय वाचताना हा आक्षेपही लक्षात ठेवावा.

अभिप्रायांमधील विशेषणे सोडून द्यावीत आणि तपशील शोधावेत. ‘वातावरण विषारी आहे’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही, पण ‘बदली सुट्टी मागितली की पुढच्या महिन्यात बघू असे सांगतात’ या वाक्यातून पुष्कळ कळते. लिहिणारा कोणत्या विभागातला आहे हेही पाहावे, कारण वार्ताहर, डेस्कवरचा उपसंपादक, व्हिडिओ एडिटर, जाहिरात विक्री प्रतिनिधी आणि तंत्रज्ञ हे एका इमारतीत काम करत असले तरी त्यांच्या नोकऱ्या वेगवेगळ्या असतात. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या विभागांतील लोकांनी एकच तक्रार केली असेल, तर ती गांभीर्याने घ्यावी. संस्था सोडताना रागाच्या भरात लिहिलेले आणि मनुष्यबळ विभागाच्या आग्रहावरून एकाच आठवड्यात लिहिलेले असे दोन्ही प्रकारचे अभिप्राय थोडे बाजूला ठेवावेत.

त्यानंतर थेट विचारावे. ड्यूटी चार्ट किती दिवस आधी लागतो, आपल्याला दिली जाणारी जागा का रिकामी झाली, कंत्राट किती मुदतीचे आहे, रात्रपाळीनंतर घरी जाण्याची सोय कोण करते, आणि बातमीवरून कायदेशीर नोटीस आली तर संस्था वार्ताहराच्या पाठीशी उभी राहते का, हे प्रश्न नवख्या उमेदवारानेही विचारण्यात काही गैर नाही. उत्तर काय येते यापेक्षाही, प्रश्न ऐकून समोरची व्यक्ती चिडते की शांतपणे माहिती देते, यावरून त्या संस्थेचा अंदाज अधिक चांगला येतो.

प्रश्न : एका दैनिकाच्या डेस्कवर मी बरीच वर्षे उपसंपादक आहे. पाने लावण्याचे काम मला आजही मनापासून आवडते. मात्र सलग रात्रपाळ्या, शेवटच्या क्षणी रद्द होणाऱ्या सुट्ट्या आणि निवडणुकीसारख्या काळात बारा-बारा तास बसणे आता झेपत नाही. वरिष्ठ म्हणतात, ‘या क्षेत्रात यायचे तर हे गृहीत धरावे लागते.’ माझीच उमेद कमी झाली आहे का?

उत्तर : नाही. आपल्या पत्रातच त्याचे उत्तर आहे, कारण उमेद कमी झालेला माणूस पाने लावण्याविषयी इतक्या आस्थेने लिहीत नाही. आपण थकला आहात, आणि थकव्याला निष्ठेचा अभाव समजणे ही या व्यवसायातील फार जुनी आणि अतिशय घातक सवय आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एक संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयरोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यात म्हटले आहे. दीर्घ कामाच्या तासांशी जोडलेल्या अशा मृत्यूंची संख्या एकट्या २०१६ या वर्षात ७ लाख ४५ हजार इतकी होती. रात्रपाळीच्या कामाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले आणि २०१९ मध्ये पुन्हा आढावा घेऊन ते वर्गीकरण कायम ठेवले. हे वर्गीकरण पुराव्याच्या बळाविषयी आहे आणि त्यावरून कोणा एका व्यक्तीचा धोका किती हे ठरत नाही, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र ‘रात्रपाळीने काय होते’ असे म्हणणाऱ्या वरिष्ठांना ते अवश्य सांगावे.

माध्यमक्षेत्रातील एक घटना या संदर्भात विसरता येत नाही. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेतील ३१ वर्षांची वार्ताहर २०१३ च्या जुलैमध्ये मरण पावली. लागोपाठ आलेल्या दोन निवडणुकांचे वार्तांकन तिने केले होते आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्यात तिचे जादा काम १५९ तास भरले होते. पुढच्या वर्षी तेथील कामगार यंत्रणेने हा अतिकामामुळे झालेला मृत्यू असल्याचे मान्य केले, परंतु संस्थेने ही गोष्ट जाहीर केली ती २०१७ मध्ये. निवडणुकीचा काळ धावपळीचा असतो हे कोणीच नाकारत नाही. पण निवडणुकीची तारीख आठवडे आधी ठाऊक असते, आणि जी गर्दी आधीपासून दिसत असते तिच्यासाठी माणसे न नेमणे याला आणीबाणी म्हणता येत नाही. ते संस्थेचे नियोजन चुकले, एवढेच त्याचे वर्णन होऊ शकते.

आपण दोन महिने आपल्या कामाच्या प्रत्यक्ष वेळा, रद्द झालेल्या सुट्ट्या आणि दोन पाळ्यांमधील अंतर एका वहीत लिहून ठेवावे. नंतर वरिष्ठांशी बोलताना ‘मला झेपत नाही’ असे म्हणण्याऐवजी त्या नोंदी समोर ठेवाव्यात आणि मागणी नेमकी असावी. पाळ्या बदलत्या असतील तर त्या सकाळ, संध्याकाळ, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या क्रमाने लावाव्यात, कारण उलट्या क्रमापेक्षा हा क्रम शरीराला सोसायला सोपा जातो. रात्रपाळी संपल्यावर पुरेसा वेळ गेल्याशिवाय सकाळची ड्यूटी लावू नये, आणि रद्द झालेल्या सुट्टीच्या बदल्यात तारीख ठरवूनच दुसरी सुट्टी द्यावी. आपल्या डेस्कवरील आणखी दोघे-तिघे सोबत आले तर ही मागणी एका व्यक्तीची कुरकुर ठरणार नाही. झोपेची तक्रार जुनी असेल, तर डॉक्टरांना दाखवण्याचे मात्र लांबणीवर टाकू नये.

प्रश्न : एका वृत्तसंस्थळासाठी मी मजकूर लिहितो. कार्यालयात भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकाच्या बातमीला किती वाचक मिळाले याचे आकडे दिवसभर दिसत असतात. रोज ठरावीक संख्येने बातम्या द्याव्या लागतात. सुरुवातीला आकडे बघायला मजा वाटत होती, आता धडकी भरते.

उत्तर : मजा वाटत होती यात नवल नाही. आपण लिहिलेले नेमके किती जणांनी आणि किती वेळ वाचले हे पूर्वीच्या पत्रकाराला कधीच समजत नसे, आणि ते समजणे ही खरोखर चांगली गोष्ट आहे. त्रासाचे कारण वेगळे आहे. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये कामाच्या ताणाचे जे प्रारूप मांडले, त्यानुसार कामाची मागणी मोठी असणे एवढ्यानेच माणूस खचत नाही. मागणी मोठी आणि ते काम कसे करावे हे ठरवण्याचा अधिकार मात्र नाही, अशी स्थिती असेल तर ताण सर्वाधिक असतो. आपल्याला विषय निवडता येत नाही, शीर्षक दुसरेच कोणी बदलते, बातमी कोणत्या वेळी आणि कोठे झळकावी हेही आपल्या हाती नसते, आणि तरी आकडा मात्र आपल्या नावासमोर लागतो. यात अन्याय आहे, आणि तो बोलून दाखवला पाहिजे.

आकडे बंद करा अशी मागणी टिकणार नाही, आणि मी ती करायलाही सांगणार नाही. त्याऐवजी दोन गोष्टी मागाव्यात. पहिली अशी की, व्यक्तीचे मूल्यमापन एका दिवसाच्या आकड्यावर न करता दीर्घ कालावधीच्या कामावर व्हावे आणि त्यात अचूकपणा, दुरुस्त्या कराव्या लागण्याचे प्रमाण आणि स्वतः मिळवलेली माहिती यांनाही गुण असावेत. दुसरी अशी की, आठवड्यातील काही तास तरी संख्येच्या हिशेबातून मुक्त असावेत, जेणेकरून फोन करून, कागदपत्रे वाचून एखादा विषय नीट करता येईल. या दोन्हींना ठाम नकार मिळाला, तर त्या संस्थेला पत्रकार नको असून मजकुराची संख्या भरणारी माणसे हवी आहेत असे समजावे आणि आपला पुढचा मार्ग त्यानुसार ठरवावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची जी व्याख्या दिली, तिच्यात तीन खुणा आहेत : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपण काहीच धड करत नाही असे वाटू लागणे. संघटनेने तो आजार न मानता कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम मानला आहे. आपल्या पत्रात पहिली खूण स्पष्ट दिसते, दुसरी डोकावते आहे. तिसरी दिसण्याची वाट पाहू नका.

प्रश्न : दूरचित्रवाणी वाहिनीत मी व्हिडिओ एडिटर आहे. अपघात, दंगली, युद्ध यांची मूळ दृश्ये आम्हीच प्रथम पाहतो आणि प्रेक्षकांना दाखवण्याजोगी करतो. घटनास्थळी गेलेल्या वार्ताहरांची सगळे विचारपूस करतात, आमची कोणी करत नाही. मला रात्री ती दृश्ये दिसतात. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला असा त्रास होतो असे म्हटले तर कोणी मानेल का?

उत्तर : मानायलाच हवे. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या निदान-नियमावलीत आघातोत्तर तणाव विकाराचे, म्हणजे भीषण अनुभवानंतर मनात दीर्घकाळ राहणाऱ्या त्रासाचे, निकष देताना, पडद्यावर किंवा छायाचित्रांत भीषण दृश्ये पाहणे सर्वसाधारणपणे निकषात बसत नाही असे म्हटले आहे, परंतु ती दृश्ये पाहणे हा कामाचाच भाग असेल तर हा अपवाद लागू होत नाही, असेही तेथे स्पष्ट केले आहे. म्हणजे आपल्यासारख्यांना होणारा त्रास वैद्यकशास्त्राने गृहीत धरलेला आहे. आपल्याला हा विकार झाला आहे असे मी म्हणत नाही, ते तज्ज्ञानेच ठरवावे. पण दृश्ये झोपेत येत असतील तर तज्ज्ञाकडे जाण्याची वेळ झाली आहे.

रोजच्या कामात काही साध्या गोष्टींचा उपयोग होतो. आवाज आवश्यक नसेल तेव्हा तो बंद ठेवावा, कारण किंकाळ्या आणि रडणे मनात फार काळ राहते. दृश्याची चौकट लहान करून पाहावी, एकच दृश्य पुन्हा पुन्हा पाहावे लागू नये म्हणून पहिल्याच वेळी नोंदी कराव्यात, आणि फाइलच्या नावातच आत काय आहे याचा इशारा द्यावा, म्हणजे पुढचा सहकारी बेसावध असताना ती उघडणार नाही. अशी दृश्ये एकाच माणसाकडे सलग जाणार नाहीत याची जबाबदारी मात्र पाळीप्रमुखाची आहे. ती आपण एकट्याने पार पाडू शकत नाही, आणि पाडायची गरजही नाही.

प्रश्न : मी जाहिरात विभागात आहे. आमच्यामुळे पगार होतात, तरीही संपादकीय विभागातील लोक आम्हाला परके मानतात. हे चुकीचे नाही का?

उत्तर : आपल्याशी तुटकपणे वागणे चुकीचे आहे, परंतु अंतर ठेवणे चुकीचे नाही. जाहिरातदाराला नको असलेली बातमी थांबवा असे सांगण्याचा मार्ग आपल्या टेबलावरूनच जातो, म्हणून दोन विभागांमध्ये भिंत असते आणि ती असावी. वाचकाचा विश्वास टिकला नाही तर विकायला आपल्याकडेही काही उरणार नाही. भिंत राखूनही एकमेकांच्या कामाची माहिती करून घेता येते, आणि त्यासाठी संपादकांशी बोलण्यात पुढाकार आपणच घ्यावा. जाहिरातीसारखा मजकूर बातमीच्या वेशात छापण्याचा आग्रह आपल्याच विभागातून होत असेल, तर तो आधी थांबवावा. बराचसा दुरावा त्यातून आलेला असतो.

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या माध्यमसंस्थेत संपादकीय प्रमुख आहे. आम्ही नाव न विचारता कर्मचाऱ्यांची पाहणी केली. ‘सहकारी कसे आहेत’ आणि ‘काम आवडते का’ या प्रश्नांना उत्तम प्रतिसाद मिळाला, पण ‘व्यवस्थापनावर विश्वास आहे का’ आणि ‘पगार न्याय्य आहे का’ यांना फारच कमी गुण मिळाले. पगार वाढवणे माझ्या हाती नाही. मग मी काय करू शकतो?

उत्तर : आपण पाहणी केली आणि निकाल लपवला नाही, हे चांगले आहे. मात्र पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर समाधान मानू नका. लोकांना काम आवडते, म्हणून ते टिकून राहतील, असा हिशेब अनेक संस्था मनातल्या मनात करतात. त्या आवडीच्या जोरावर कमी पगार, जादा तास आणि अस्पष्ट कंत्राटे वर्षानुवर्षे चालवली जातात. माझ्या मते हे कर्मचाऱ्यांच्या प्रेमाचा गैरफायदा घेणे आहे. शिवाय त्याची किंमत संस्थाही मोजते, कारण ज्यांना बाहेर सहज काम मिळू शकते ते अनुभवी लोक सर्वांत आधी जातात आणि राजीनाम्यात ‘अधिक चांगली संधी’ एवढेच लिहून खरे कारण सोबत घेऊन जातात.

पगार न्याय्य आहे का, या प्रश्नाला कमी गुण देणारा माणूस प्रत्येक वेळी ‘कमी आहे’ असेच म्हणत नसतो. अनेकदा त्याचे म्हणणे ‘कसा ठरतो ते कळत नाही’ असे असते. बीबीसीचे उदाहरण पाहा. वर्षाला दीड लाख पौंडांहून अधिक मानधन घेणाऱ्या निवेदकांची आणि पत्रकारांची यादी त्या संस्थेला २०१७ मध्ये जाहीर करावी लागली आणि समान दर्जाच्या कामासाठी स्त्रियांना कमी मोबदला मिळत असल्याचा प्रश्न उघड्यावर आला. जानेवारी २०१८ मध्ये तेथील पत्रकार कॅरी ग्रेसी यांनी बीबीसीचे चीनविषयक संपादकपद याच कारणासाठी सोडले. त्याच वर्षी संस्थेने त्यांची माफी मागून थकीत रक्कम दिली, आणि ती सर्व रक्कम त्यांनी स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला दिली. त्यांचा आग्रह अधिक पैशांसाठी नव्हता, बरोबरीच्या पुरुष सहकाऱ्यांइतक्या वेतनासाठी होता. आपल्या अधिकारात पगाराची एकूण रक्कम नसली, तरी आपल्या विभागात एकाच पदावर, सारख्या अनुभवाच्या माणसांत किती तफावत आहे हे तपासून व्यवस्थापनासमोर लेखी मांडणे नक्कीच आहे. पदांच्या श्रेणी आणि बढतीचे निकष लिहून सर्वांना देणे हेही आहे.

विश्वासाच्या प्रश्नाबाबत पाळावयाचे एक पथ्य असे की, वाईट बातमी कर्मचाऱ्यांना बाहेरून कळू देऊ नये. इतरांच्या संस्थांतील कपातीच्या बातम्या देणाऱ्या माणसांना स्वतःच्या कपातीची बातमी समाजमाध्यमांवरून कळते, तेव्हा तुटलेला विश्वास पुन्हा बसत नाही. चांगले बातमीदार व्हायचे असेल तर बढती म्हणून व्यवस्थापकच व्हावे लागेल, ही अटही काढून टाकता येते का ते पाहा. लिहिणारा माणूस पंधरा वर्षांनीही लिहीतच राहील आणि तरी त्याचा दर्जा व वेतन वाढेल, अशी वेगळी वाट अनेकांना हवी असते.

सर्वांत आधी मात्र पाहणीचा निकाल पूर्ण सांगावा, कमी गुणांच्या दोन्ही प्रश्नांसह. तो ईमेलने न पाठवता आपण स्वतः, दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा दोन्ही पाळ्यांना वेगवेगळे भेटून सांगावा. त्यातील कोणत्या गोष्टी आपण तीन महिन्यांत करणार, कोणत्या वरिष्ठांकडे मांडणार आणि कोणत्या आपल्याला करता येणार नाहीत, हे त्याच बैठकीत स्पष्ट करावे. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच लोकांसमोर उभे राहून काय झाले आणि काय झाले नाही ते सांगावे, आणि पुढची पाहणी त्यानंतरच हाती घ्यावी.